पाऊण तासाचा उशीर: तीन जुने डायव्हर, एक नवखा आणि किनाऱ्यावरून संध्याकाळची डाइव्ह

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. यातली माणसं खरी नाहीत, पण यातली प्रत्येक चूक किनाऱ्यावरून स्कूबा डाइव्हला (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली) उतरणाऱ्या गटांकडून वारंवार होणारी आहे. शेवटी कुणाला इजा झाली नाही. तरीही ते लिहून काढलं, कारण सुखरूप संपलेल्या अशा डाइव्हची चर्चा सहसा होत नाही, आणि मग पुढच्या वेळी तीच माणसं त्याच पद्धतीनं उतरतात.

मंडळी आणि जागा

तिघं जुने. प्रत्येकाच्या नोंदवहीत दोनशेच्या वर डाइव्ह, आणि या किनाऱ्यावर तिघंही अनेकदा उतरलेले. एकाकडे गटाची सूत्रं होती, त्याला इथं प्रमुख म्हणू. दुसऱ्याकडे पेटीबंद कॅमेरा होता. तिसरी डायव्हर नेहमी गटाच्या शेवटी राहणारी. चौथा नवखा: १५ डाइव्ह, सगळ्या बोटीवरून, सगळ्या दिवसा, शेवटची पाच महिन्यांपूर्वीची. त्याच्याकडे १८ मीटरपर्यंतचं प्राथमिक प्रमाणपत्र होतं.

किनारा वाळूचा, उतार मंद. पाण्यात शिरताना एक खडकाळ पायरी ओलांडावी लागते. तिच्यावर भरतीला सव्वा मीटर पाणी असतं. पुढे १०० मीटरवर, साधारण ६ मीटर खोलीत, खडकांची रांग सुरू होते आणि उतरत उतरत १३ मीटरपर्यंत जाते. त्या दिवशी लाटा गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. भरतीची वेळ ४:३०, सूर्यास्त ६:४०. पाण्याच्या चढउताराचा पल्ला २.४ मीटर.

बेत असा ठरला: ५:५० ला पाण्यात, ५० मिनिटं खाली, सूर्य बुडताना बाहेर. संध्याकाळची डाइव्ह सुंदर असते यात वाद नाही. दिवसाचे मासे कपारी धरू लागतात, ऑक्टोपस बाहेर पडतात, काही जातींचे पोपटमासे अंगाभोवती चिकट द्रवाचा कोष विणून झोपतात. नवख्याला हे पाहायचं होतं आणि जुन्यांना दाखवायचं होतं. कुणाच्या हेतूत खोट नव्हती.

प्रमुखानं त्याला विचारलं, "किती डाइव्ह झाल्यात?" तो म्हणाला, "पंधरा." प्रमुख म्हणाला, "मग चालेल. आमच्या मागे मागे राहा, आणि १०० बार झालं की सांग." चौकशी आणि सूचना, दोन्ही एवढ्यावर संपल्या. (बार म्हणजे टाकीत उरलेल्या हवेच्या दाबाचं माप.)

काय घडलं

पाण्यात शिरायला ६:३५ वाजले. लाटांमधून जाताना नवख्याच्या राखीव रेग्युलेटरचा (टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या जादा साधनाचा) पट्टा सुटला आणि तो वाळूत घासत गेला. १०० मीटर पोहताना नवखा पाठीवर, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) गच्च फुगवून, जोरजोरात पाय मारत होता. खडकापाशी पोचला तेव्हा त्याला धाप लागलेली होती आणि टाकीचा दाब दाखवणारं गेज २०० बारवरून १८० वर आलं होतं. ६:४५ ला सगळे खाली गेले. धाप बसायची वाट कुणी पाहिली नाही, कारण उजेड चालला होता.

खाली त्याची जोडी कॅमेरेवाल्याशी होती. नवखा पाय खाली, डोकं वर अशा तिरक्या अवस्थेत पोहत होता. फिनचा (पायात घालायच्या वल्ह्याचा) प्रत्येक फटका वाळू उडवत होता, म्हणून कॅमेरेवाला त्याच्यापासून थोडा लांब सरकत राहिला. विसाव्या मिनिटाला नवख्यानं गेज पाहिलं: ८८. त्यानं हातानं खूण केली. अंधारात हाताची खूण दिसत नाही, आणि समोरच्याचा डोळा कॅमेऱ्याच्या पडद्यावर होता. दोन मिनिटं वाट पाहून त्यानं मान वळवली, परत पाहिलं तर दिवा थोडा पुढे गेलेला. तो त्या दिव्यामागे गेला. तो दिवा तिसरीचा होता.

तिला वाटलं, कॅमेरेवाला जवळच असेल. ७:०९ ला तिनं स्वतःहून नवख्याच्या गेजवर टॉर्च टाकला: ७०. तिनं तिथेच डाइव्ह संपवली, त्याला ६ मीटरपर्यंत उथळ आणलं आणि किनाऱ्याच्या अंदाजानं परत वळली. नेमकी कंपासची दिशा फक्त प्रमुखाला माहीत होती. ७:१५ ला ४६ बारवर दोघं वर आली, ठरल्या जागेपासून बरीच बाजूला. किनाऱ्यावर ठेवलेला त्यांचा एकुलता दिवा मागच्या रस्त्यावरच्या दिव्यांत मिसळून गेला होता.

खडकाळ पायरीपाशी पोचेपर्यंत ७:२० झाले. छातीभर पाण्यात पाय टेकताच नवख्यानं मास्क कपाळावर चढवला, तोंडातून रेग्युलेटर काढला आणि समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. पुढच्या लाटेनं त्याला पायरीवर आडवं केलं. एक फिन गेली. तिसरीनं टाकीच्या वॉल्व्हला धरून त्याला ओढत वाळूवर आणलं.

कॅमेरेवाल्याला ७:०९ ला कळलं की जोडीदार नाही. त्यानं प्रमुखाला गाठलं, आणि दोघांनी पाण्याखालीच आठ-नऊ मिनिटं शोध घेतला. ते वर आले ७:१८ ला, आणि किनाऱ्यावर माणसं दिसेपर्यंत ७:२५ झाले. सोळा मिनिटं अर्ध्या गटाला उरलेला अर्धा गट कुठे आहे हे माहीत नव्हतं.

पाऊण तास कुठे गेला

पहिली चूक शोधायला बहुतेक जण नवख्याच्या गेजकडे बघतील. ती त्याआधीची आहे, गाड्यांपाशी घडलेली. कॅमेऱ्याच्या पेटीची रबरी कडी पुन्हा बसवावी लागली, त्यात पंधरा मिनिटं गेली. भाड्याच्या बीसीडीचा पट्टा टाकीवर घट्ट बसेना, त्यात दहा. बुडण्यासाठी कमरेला शिशाचं वजन किती घ्यायचं यावर बोलणं, पोशाख, एकाचा विसरलेला टॉर्च, यात उरलेली. एकही उशीर मोठा नाही. पण ५:५० चे ६:३५ झाले, आणि या पाऊण तासात तीन गोष्टी बदलल्या. त्यांची दखल कुणी घेतली नाही.

उजेड. संध्याकाळची म्हणून ठरवलेली डाइव्ह रात्रीची झाली. तसं कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप झालं. पाण्याखाली अंधार वरच्यापेक्षा लवकर पडतो. सूर्य क्षितिजाजवळ आला की किरणं पाण्यावर इतकी तिरपी पडतात की बराच उजेड पृष्ठभागावरूनच परत फिरतो. वर आभाळ अजून केशरी असतं, तेव्हा १० मीटरवर टॉर्चशिवाय गेज वाचता येत नाही.

पाणी. भरती-ओहोटीचं पाणी एकसारख्या वेगानं उतरत नाही. ढोबळ नियम बाराव्या भागांचा: पहिल्या तासात पल्ल्याचा १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, मग २ आणि १. पल्ला २.४ मीटर म्हणजे एक भाग २० सेंटिमीटर. ठरल्या वेळी, ६:४० ला, बाहेर आले असते तर पाणी साधारण ७० सेंटिमीटर उतरलेलं असतं आणि पायरीवर ५५ सेंटिमीटर, म्हणजे गुडघाभर पाणी मिळालं असतं. ७:२० ला पाणी १.१ मीटर उतरलं होतं. पायरीवर राहिलं १५ सेंटिमीटर. वेगानं उतरणाऱ्या तिसऱ्या तासात चाळीस मिनिटं उशीर, आणि पोहून ओलांडायची पायरी लाटा फुटायची जागा झाली. आत जाताना सोपी वाटलेली वाट बाहेर येताना तशीच असेल असं किनाऱ्यावर कधीच गृहीत धरू नये.

आणि तिसरी गोष्ट घाई. तिच्यापायी बडी तपासणी (जोडीदारांनी एकमेकांचं साहित्य तपासणं) झाली नाही, वजन तपासलं नाही, धाप बसू दिली नाही.

यावर उपाय एकच आणि तो रुक्ष आहे. घरून निघण्याआधी एक वेळ ठरवायची, तिच्यानंतर पाण्यात शिरायचं नाही. या ठिकाणी ती ६:०५ असायला हवी होती. ६:०५ उलटली की चौघांनी टाक्या गाडीत ठेवायच्या, किंवा नवख्यानं किनाऱ्यावर दिवा सांभाळत बसायचं आणि तिघांनी पूर्ण रात्रीची डाइव्ह म्हणून नव्यानं बेत करायचा. ही वेळ आधी ठरलेली नसेल तर ६:३५ ला कपडे चढवून उभ्या असलेल्या माणसाला "नको जाऊया" म्हणणं फार जड जातं. नवख्याला तर अशक्यच वाटतं.

वजन

नवखा बोटीवर ३ मिमी सूट, ॲल्युमिनियमची ११.१ लिटरची टाकी आणि ५ किलो वजन वापरायचा. आज ५ मिमी सूट होता आणि १२ लिटरची पोलादी टाकी. "सूट जाड आहे, तीन किलो वाढव," असं ठरलं. ८ किलो झाले.

टाकीचा विचार राहून गेला. ॲल्युमिनियमची ही टाकी रिकामी होत आली की तरंगू लागते आणि डायव्हरला जवळपास १.८ किलोनं वर ओढते. बोटीवरच्या ५ किलोंपैकी बराच भाग हे ओढणं मारण्यासाठी होता. पोलादी टाकी तसं करत नाही, म्हणून तिच्याबरोबर ढोबळमानानं अडीच-तीन किलो कमी लागतात. जाड सुटासाठी वाढणारं वजन आणि पोलादासाठी घटणारं वजन जवळपास फिटतं. त्याला ५ किलोच पुरले असते.

जास्तीचे ३ किलो तोलायला बीसीडीत जास्तीची ३ लिटर हवा लागते. १२ मीटरवर दाब २.२ बार, ६ मीटरवर १.६. ती ३ लिटर हवा वर येताना ४.१ लिटर होते, म्हणजे काही न करता १.१ किलोचा उचल मिळतो. नवखा हवा सोडतो, जास्त सोडतो, बुडतो, परत भरतो. कमरेला शिसं आणि छातीशी हवा, म्हणून पाय खाली जातात. पाय खाली गेले की पुढे जाण्याचा जोर वाळू उडवण्यात खर्च होतो, गाळ उठतो, श्वास वाढतो, आणि गाळ टाळायला जोडीदार लांब जातो. प्रकरणातल्या अर्ध्या अडचणींची मुळं या ३ किलोंत आहेत.

तपासणीला पाच मिनिटं लागतात. लाटांच्या पलीकडे, उभं राहता येणार नाही एवढ्या पाण्यात, रेग्युलेटर तोंडात ठेवून बीसीडी पूर्ण रिकामी करायची. नेहमीचा श्वास घेऊन रोखला की पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं, श्वास सोडला की हळूच बुडावं. टाकी भरलेली असेल तर वर सुमारे २ किलो घ्यायचे, कारण १२ लिटरच्या टाकीतली १५० बार हवा संपते तेव्हा २ किलोंहून थोडं जास्त वजन कमी होतं. हे लाटांमध्ये अंधारात जमत नाही. उजेडी, निवांत पाण्यात आधीच करून नोंदवहीत लिहून ठेवायचं: सूट, टाकी, किलो.

पन्नास मिनिटं कुणाच्या फुप्फुसांची?

५० मिनिटांचा बेत जुन्यांनी आपल्या अनुभवावरून केला. त्यांचा पृष्ठभागावरचा हवेचा खर्च मिनिटाला १४ लिटरच्या आसपास. १२ मीटरवर १४ गुणिले तिथला दाब २.२, म्हणजे ३१ लिटर. १२ लिटरच्या टाकीत मिनिटाला २.६ बार. ५० मिनिटांत १३० बार. २०० च्या टाकीत आरामात बसतं.

नवख्याचा हिशेब त्याच्या नोंदवहीत पडलेलाच होता. शेवटची डाइव्ह: ४५ मिनिटं, सरासरी १० मीटर, २०० वरून ५० बार, ११.१ लिटरची टाकी. १५० गुणिले ११.१ म्हणजे १६६५ लिटर. भागिले ४५ म्हणजे मिनिटाला ३७. १० मीटरवर दाब २ बार, म्हणून पृष्ठभागावरचा खर्च १८.५ लिटर. हा बोटीवरून, दिवसा, वाटाड्याच्या सोबतीनं. लाटा, अंधार, नवं साहित्य आणि पाच महिन्यांचा खंड यासाठी तिसरा हिस्सा वाढवला की २५. १२ मीटरवर ५५ लिटर, मिनिटाला ४.६ बार. ५० मिनिटांना २३० बार लागले असते. एवढी हवा टाकीत मुळात नव्हतीच. हे गणित गाडीच्या टपावर, पेन्सिलीनं, दोन मिनिटांत होतं.

आता "१०० बार झालं की सांग" या सूचनेकडे पाहू. हा आकडा बोटीवरून आलेला आहे. तिथं डायव्हर सरळ वर येतो आणि बोट त्याला घ्यायला येते. किनाऱ्यावरून गेलं की आलेली वाट परत कापायची असते, म्हणून वळायचा आकडा मोजून काढावा लागतो.

आधी राखीव. सर्वात वाईट क्षण धरायचा: १२ मीटरवर एकाची हवा बंद, दोघं एकाच टाकीवर, घाबरलेले, प्रत्येकी ३० लिटर. प्रसंग सावरायला एक मिनिट: ६० गुणिले २.२, १३२ लिटर. मिनिटाला ९ मीटरच्या वेगानं वर यायला सव्वा-दीड मिनिट: सुमारे १३० लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षेचा थांबा (शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून): २७० लिटर. एकूण ५३० लिटर, १२ लिटरच्या टाकीत ४४ बार. प्रसिद्ध "५० बार राखीव" इथं कसाबसा पुरतो, आणि लाटांमधून रेग्युलेटर तोंडात ठेवून बाहेर यायची हवा त्यात धरलेली नाही. ती जाताना २० बार लागली, येतानाही तेवढी धरावी. म्हणून राखीव ७०.

खडकापाशी १८० होते. १८० वजा ७०, ११०. निम्मे जायला, निम्मे यायला. ५५ खर्च झाले, म्हणजे १२५ बारवर वळायचं. १२ मीटरवर त्याच्यासाठी ही बारा मिनिटं. तोच माणूस ७ मीटरवर, योग्य वजनानं, धाप बसल्यावर २० लिटर घेत असेल तर मिनिटाला २.८ बार, म्हणजे जाऊन-येऊन जवळपास चाळीस मिनिटं. ऑक्टोपस ७ मीटरवरही असतात. गटानं नवख्याला आपल्या खोलीवर नेलं, त्याऐवजी आपण त्याच्या खोलीवर राहायचं होतं.

इथं एक गोष्ट नवख्यांसाठी. हवा जास्त लागते म्हणून श्वास चोरून घेऊ नका. श्वास रोखत घेतला की कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं, आणि शरीर आणखी जोरात श्वास मागतं. धाप लागली असेल तर खाली जाऊ नका. पाण्यावर बीसीडी फुगवून पाठीवर पडा, लांब उच्छ्वास सोडा, बोलताना वाक्य एका दमात पूर्ण होईपर्यंत थांबा. दमलेल्या श्वासानं खाली गेलेला डायव्हर पहिल्या पाच मिनिटांत भीतीच्या टोकाशी पोचू शकतो, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

राखीव रेग्युलेटरचंही इथंच सांगायला हवं. वाळूत घासल्यानं त्याच्यातून बुडबुडे सुटत होते. वाळूचा कण बटणाखाली किंवा पडद्याखाली अडकला की असं होतं. तोंडाचा भाग खाली वळवून पाण्यात हलवला की बहुधा थांबतं. त्याहून धोकादायक म्हणजे बीसीडीत हवा भरायच्या बटणात वाळू: बटण दाबलेलं राहतं आणि डायव्हर थेट वर फेकला जातो. तेव्हा बटणाशी झगडू नये. नळी जोडणीपासून ओढून काढायची आणि हवा सोडायची. ही हालचाल किनाऱ्यावर, डोळे मिटून, दोनदा करून पाहावी. लाटांमध्ये पडलेलं प्रत्येक साहित्य खाली जाण्याआधी तपासायचं, हेही पाठ असावं.

चार सारखे दिवे

चौघांकडे एकेक पांढरा टॉर्च होता. अंधारात डायव्हर दिसत नाही, दिवाच दिसतो, आणि चार पांढऱ्या दिव्यांत आपला कोणता हे ओळखता येत नाही. म्हणून टाकीच्या वॉल्व्हला रंगीत खूणदिवा बांधतात. जोडी तितके रंग: नवखा आणि त्याचा जोडीदार हिरवे, उरलेले दोघं निळे. शिवाय प्रत्येकाकडे दुसरा, छोटा टॉर्च खिशात. पहिला बंद पडला की दुसरा लावायचा आणि डाइव्ह तिथेच संपवायची.

खुणा उतरण्याआधी करून दाखवायच्या. जोडीदाराच्या समोरच्या वाळूवर मोठं, सावकाश वर्तुळ: ठीक आहे, आणि उत्तरही वर्तुळानंच. सावकाश आडवा फटका: माझ्याकडे पाहा. भराभर आडवे फटके: अडचण, लगेच ये. बाकी खुणा हातानंच, पण टॉर्च स्वतःच्या हातावर मारून. टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारू नये. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोतात ते सगळं पुसलं जातं. नवख्याला हे सांगितलं असतं तर ८८ बारला त्यानं हवेत हात हलवला नसता. त्यानं कॅमेरेवाल्याच्या पुढ्यात झोत फिरवला असता.

कॅमेरेवाल्याला नवख्याची जोडी देणं ही प्रमुखाची चूक, आणि ती निस्तरता येणारी नव्हती. कॅमेरा हातात असलेला माणूस चांगला जोडीदार असू शकतो, पण त्याच्या जोडीदाराला त्याची सवय असावी लागते. नवख्याची जोडी सर्वांत मोकळ्या हातांच्या माणसाशी लावायची. इथं ती तिसरी डायव्हर होती, आणि तिनं न सांगता ते काम केलं. दर पाच मिनिटांनी जोडीदारानं गेज विचारायचं. नवख्यानं आठवण ठेवून सांगावं यावर विसंबायचं नाही.

हरवल्यावरची रीत ठरलेली आहे आणि ती साधी आहे. थांबा. टॉर्च छातीशी दाबून झोत झाका, बंद करू नका, कारण बंद केलेला टॉर्च परत लागेलच असं नाही. सावकाश पूर्ण गोल फिरा, दुसऱ्या दिव्याची झाक कुठे दिसते का पाहा. हे एक मिनिट. नाही दिसला तर ठरल्या वेगानं वर. दोन्ही बाजूंनी हे पाळलं तर साधारण तीन मिनिटांत सगळे पाण्यावर भेटतात. इथं दोघं आठ-नऊ मिनिटं खाली शोधत राहिले, तेही प्रेमापोटी. त्या वेळात नवखा वर एकटा असता आणि मदत मागत असता, तर ते त्याच्यापासून सर्वांत दूर होते.

बाहेर येणं

परतीचा थांबा पूर्ण झाला नाही, यावर नंतर बरीच चर्चा झाली. ती अनाठायी होती. १२ मीटरवर तेवीस-चोवीस मिनिटं ही थांबा सक्तीचा होतो त्या मर्यादेपासून फार दूर आहे. प्रचलित तक्त्यात एका डाइव्हला १२ मीटरसाठी १४७ मिनिटं असतात. ६ मीटरवरून पोहत परतणं हाच बराचसा थांबा होता, आणि लाटांसाठी ४६ बार जपणं जास्त महत्त्वाचं होतं. तिसरीनं घेतलेला निर्णय बरोबर होता.

दिव्यांचा बंदोबस्त मात्र उतरण्याआधीच करायचा असतो. एक दिवा पाण्याजवळ, खाली. दुसरा त्याच्या सरळ मागे, उंचावर, दहा-पंधरा मीटर अंतरावर. समुद्रातून दोन्ही एकावर एक दिसले की आपण वाटेवर आहोत. वरचा दिवा उजवीकडे सरकलेला दिसला तर आपण वाटेच्या उजवीकडे गेलोय, डावीकडे पोहायचं. दिवे रस्त्याच्या दिव्यांपेक्षा वेगळ्या रंगाचे किंवा लुकलुकणारे हवेत. कंपासची जाण्याची आणि परतीची दिशा चौघांच्या पाटीवर लिहिलेली हवी. किनाऱ्यावर एक माणूस हवा, ज्याच्याकडे बाहेर येण्याची वेळ लिहिलेली आहे आणि ती उलटली की कुणाला फोन करायचा हे ठरलेलं आहे.

लाटांतून बाहेर येताना त्या फुटतात त्या रेषेच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला थांबायचं. लाटा झुंडीनं येतात. दोन-तीन झुंडी पाहून मोठी कोणती ते कळतं. शेवटची मोठी लाट पुढे गेली की तिच्या पाठोपाठ निघायचं. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, फिन पायांत, बीसीडीत तरंगण्यापुरतीच हवा. पाणी गुडघ्याइतकं झालं की उभं राहू नये, हातपाय टेकून रांगत यायचं. परतणाऱ्या पाण्याची ओढ जाणवली की बोटं वाळूत रुतवून थांबायचं, पुढची लाट ढकलते. लाट पोचत नाही तिथं आल्यावर मास्क आणि फिन काढायच्या. समुद्राकडे पाठ कधीच करायची नाही. पडलात तर उठायची धडपड नको. तोंडात हवा आहे, लाट जाऊ द्या.

नवख्यानं मास्क आणि रेग्युलेटर काढला, कारण बोटीची शिडी हाताला लागली की तसंच करायची सवय होती. पाय टेकले म्हणजे डाइव्ह संपली, असं त्याच्या शरीराला वाटलं. किनाऱ्यावरच्या डाइव्हचा सर्वांत कठीण भाग तिथून सुरू होतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्यांनाही ते सांगायचं सुचलं नाही, कारण त्यांचे हात ते न विचारता करतात.

विचारायला हवे होते ते प्रश्न

डाइव्हचा आकडा विचारून काही कळत नाही. पंधरा डाइव्ह किनाऱ्यावरून, लाटांतून, गेल्या महिन्यात केलेला माणूस आणि हा नवखा यांत फार अंतर आहे. विचारायचं ते असं. शेवटची डाइव्ह कधी? किनाऱ्यावरून कधी उतरलात? लाटांतून? अंधारात? कोणत्या सुटाला आणि कोणत्या टाकीला किती किलो? शेवटच्या डाइव्हला किती मिनिटं, किती मीटर, किती बार उरले? सहा प्रश्न. उत्तरं ऐकूनच इथल्या प्रमुखाला समजलं असतं की एका डाइव्हमध्ये चार नव्या गोष्टी येतायत: लाटा, अंधार, अनोळखी साहित्य आणि मोठा खंड. एका वेळी एक नवी गोष्ट पुरे. दोन चालवून घेता येतात. चार नाहीत.

कुणी विचारलं नाही तर नवख्यानं स्वतः बोलायचं. "मी किनाऱ्यावरून कधी उतरलो नाही, पाच महिने पाण्यात नव्हतो, माझी हवा तुमच्या दुप्पट लागेल" एवढं एक वाक्य. यात कमीपणा नाही. हे वाक्य ऐकून ज्या गटाचा चेहरा पडतो, त्या गटाबरोबर अंधारात जाऊ नये. आणि कुठल्याही क्षणी, कारण न सांगता, अंगठा वर करून डाइव्ह संपवायचा हक्क प्रत्येकाला असतो. प्रमुखानं तो उतरण्याआधी मोठ्यानं सांगावा, नवख्याकडे बघून.

या गटानं पुढचा बेत असा केला. आधी त्याच किनाऱ्यावर सकाळी, भरतीच्या तासाभर आधी, ३ मीटर पाण्यात: मास्कमधलं पाणी काढणं, रेग्युलेटर परत मिळवणं, एका टाकीवर दोघं, नळी सोडवणं, आणि वजनाची तपासणी. तिथूनच पायरीवरून तीनदा आत-बाहेर. मग दिवसा ७ मीटरवर एक पूर्ण डाइव्ह, तिसरीच्या जोडीनं, वळायचा आकडा पाटीवर लिहून. संध्याकाळची डाइव्ह त्यानंतर, सूर्यास्ताच्या दीड तास आधी पाण्यात, भरती संध्याकाळी ६ नंतर असेल अशा दिवशी. कॅमेरा त्या दिवशी गाडीत राहील. हे कॅमेरेवाल्यानं स्वतःहून सुचवलं.